नर्सरीसाठी उड्या मारण्याची सुरक्षित साधने: निवड, मांडणी आणि देखभाल

साधारण अडीच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलून उडी मारू लागतात, आणि तेव्हापासून पायरी, गादी, पलंग, बाक यांपैकी काहीही त्यांना उडीसाठी पुरते. या वयातील उड्यांनी पायांचे आणि कमरेचे स्नायू बळकट होतात, तोल सांभाळता येऊ लागतो आणि आपले शरीर हवेत नेमके कुठे आहे याचे भान येत जाते. त्यामुळे मुलांच्या उड्या बंद करण्यात काहीच शहाणपण नाही. बंदी घातली तर तीच उडी मुले बाकावरून मारतील. नर्सरीपुढचा खरा प्रश्न असतो तो उडीसाठी कोणते साधन आणायचे, ते कुठे ठेवायचे आणि एका वेळी त्यावर किती मुलांना सोडायचे, हा.

या लेखात निवडीचा एक निकष पुन्हा पुन्हा येईल: साधनाची सुरक्षितता शक्य तितकी त्याच्या बांधणीतच असली पाहिजे. ‘एका वेळी एकच मूल’ असे भिंतीवर लिहून तीन वर्षांचे मूल थांबत नाही. पण ज्या साधनावर दुसऱ्या मुलाला उभे राहायला जागाच नाही, तिथे हा नियम आपोआप पाळला जातो. भरलेल्या वर्गात शिक्षिकेची नजर रडणाऱ्या किंवा पडलेल्या मुलाकडे क्षणभर वळणारच, आणि साधन निवडताना तो क्षण गृहीत धरायला हवा.

आधी इजा कशी होते ते समजून घ्या

ट्रॅम्पोलीनवरची, म्हणजे चौकटीत ताणून बसवलेल्या उसळत्या कापडावरची इजा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कडेवरून बाहेर पडलेले मूल येते. तसे घडते हे खरे, परंतु मोठा धोका ताणलेल्या कापडावरच असतो. दोन मुले एकाच कापडावर उड्या मारत असली, की त्यांतले जड मूल खाली येताना कापड खोल दाबते आणि त्यात बरीच ऊर्जा साठते. ते कापड परत वर उसळत असताना हलके मूल नेमके खाली येत असेल, तर ते मऊ पृष्ठभागावर टेकत नाही. वर येणाऱ्या पृष्ठभागावर आदळते. जड मुलाने कापडात साठवलेली ऊर्जा हलक्या मुलाच्या पायांतून वर जाते. कोणी पडलेले नसते, कोणी कोणाला ढकललेले नसते, आणि तरीही हाड मोडू शकते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मधील आपल्या निवेदनात नोंदवले आहे, की ट्रॅम्पोलीनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश इजा एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि अशा वेळी सर्वांत लहान मुलाला इजा होण्याची शक्यता जड सोबत्यापेक्षा १४ पटींपर्यंत अधिक असू शकते. त्याच निवेदनात दिलेल्या आकडेवारीनुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना झालेल्या इजांपैकी ४८ टक्के इजा हाड मोडण्याच्या किंवा सांधा निखळण्याच्या होत्या, तर ६ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. लहान मुलांची हाडे अजून वाढत असतात, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या भागात होणारा अस्थिभंग डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. त्यात सूज किंवा जखम फारशी दिसत नाही. मूल फक्त पाय टेकवायला तयार होत नाही. उड्यांच्या खेळानंतर मूल लंगडत असेल किंवा चालायला नकार देत असेल, तर ‘हट्ट करतोय’ असे समजू नये. पालकांना लगेच कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

भोवतीच्या जाळीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. जाळी बाहेर पडण्यापासून अडवते, पण आतल्या आत होणारी टक्कर आणि वर सांगितलेला उसळीचा मार ती थांबवू शकत नाही. उलट जाळी आहे म्हणून मोठ्यांची देखरेख सैल पडते, हा तिचा उपद्रव अधिक.

पहिली पायरी: मुलांचे गट लिहून काढा

साधनांची यादी पाहण्याआधी आपल्याकडे कोणत्या वयाची किती मुले आहेत, ती एका वेळी किती जण खेळतात आणि त्या वेळी किती मोठी माणसे हजर असतात, हे कागदावर लिहावे. खरेदीच्या वेळी हीच माहिती हाताशी नसते, आणि मग विक्रेत्याच्या ‘दोन ते दहा वर्षांसाठी’ या वाक्यावर विसंबून निर्णय होतो. दोन वर्षांचे आणि दहा वर्षांचे मूल यांच्या वजनात इतके अंतर असते, की दोघांनाही सारखेच योग्य ठरेल असे उसळते साधन बनवणे अवघड आहे.

एक वर्षाखालील बाळांसाठी उसळत्या साधनांची गरजच नसते. दाराच्या चौकटीला अडकवायचे बाळांचे झोके नर्सरीत आणू नयेत: चिमटा चौकटीवरून सटकू शकतो, बाळ चौकटीवर आपटू शकते, आणि त्यात लटकत राहण्यापेक्षा जमिनीवर पालथे पडणे, सरकणे, रांगणे हे त्याच्या वाढीसाठी कितीतरी मोलाचे असते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना मऊ, स्थिर गादी आणि तिच्यावर चढण्याउतरण्यापुरती एखादी बुटकी पायरी पुरते. उसळी देणाऱ्या साधनाचा विचार दोन वर्षांनंतरच करावा, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत एकाच साधनावर कधीही सोडू नये.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा

खाली प्रकार ज्या क्रमाने आले आहेत, त्याच क्रमाने त्यांचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक नर्सऱ्यांना पहिल्या तिघांपलीकडे जाण्याचे कारणच पडत नाही.

सर्वांत आधी जाड फोमच्या गाद्या. त्यांच्यावरून उडी मारता येते, त्यांच्यावर उडी घेता येते, आणि त्या साठलेली ऊर्जा दुसऱ्या मुलाच्या पायांत परत फेकत नाहीत, कारण फोम धक्का शोषून घेतो. आत घट्ट आणि वर मऊ अशा दोन थरांचा फोम केवळ मऊ फोमपेक्षा चांगला, कारण निव्वळ मऊ फोममध्ये पाऊल खोल रुतते आणि घोटा मुरगळतो. आवरण न फाटणारे, पुसता येणारे आणि तळाशी न घसरणारे असावे. चेन असल्यास तिची पट्टी आवरणाखाली झाकलेली असावी, म्हणजे मुलांना ती उघडता येणार नाही आणि आतला फोम तोंडात जाणार नाही.

त्यानंतर हॉपर बॉल, म्हणजे मुठीने धरून, वर बसून उसळत जायचा मोठा चेंडू. याचा सर्वांत मोठा गुण असा की त्यावर एकाच मुलाला बसता येते आणि मूल जमिनीपासून फार उंच जात नाही. इथे मापाला फार महत्त्व आहे. हवा भरलेल्या चेंडूवर मूल बसले असता दोन्ही पावले पूर्ण जमिनीवर टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात वाकले पाहिजेत. पायांची फक्त बोटे टेकत असतील, तर चेंडू मोठा आहे. गुडघे कमरेच्या वर जात असतील, तर लहान आहे. वयाचे लेबल पाहून घेण्यापेक्षा दोन मापांचे चेंडू आणून प्रत्येक मुलाला बसवून पाहावे. फुटल्यावर एकदम धडाक्याने न फाटता हळूहळू हवा सोडणारा चेंडू निवडावा. हवेचे बूच चेंडूच्या पृष्ठभागात पूर्ण बसणारे आणि साध्या बोटांनी न निघणारे असावे. मूठ चेंडूसोबत अखंड घडवलेली असावी, नंतर चिकटवलेली नको.

तिसरा प्रकार जमिनीत पक्क्या बसवलेल्या जाड स्प्रिंगवर डोलणाऱ्या आसनाचा. मुलांना उसळीचा आनंद मिळतो, पण हालचाल मर्यादित राहते. हात आणि पाय टेकवायला दोन्ही बाजूंनी आधार असावा, आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोट किंवा पाऊल चेमटणार नाही अशी रचना असावी. विक्रेत्यासमोर स्वतः आसन जोरात एका बाजूला दाबून वेटोळी किती जवळ येतात ते पाहावे.

ट्रॅम्पोलीनचा विचार यानंतर. वर उल्लेखलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे: मुलांनी मनोरंजनासाठी ट्रॅम्पोलीन वापरू नये. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सार्वजनिक क्रीडांगणांसाठीच्या मार्गदर्शिकेतही ट्रॅम्पोलीनचा समावेश शिफारस नसलेल्या साधनांत आहे. घरामागच्या अंगणात असते तसे उंच, मोठे, गोल ट्रॅम्पोलीन नर्सरीत कोणत्याही कारणासाठी आणू नये, भले ते देणगी म्हणून मिळत असले तरी. काही नर्सऱ्या एका मुलापुरते, बुटके, समोर पकडायची दांडी असलेले छोटे ट्रॅम्पोलीन वापरतात, विशेषतः उपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने. तसे कारण असेल तर कापडाची उंची कमीत कमी, बैठक एकाच मुलापुरती, दांडी मुलाच्या छातीच्या उंचीची आणि मऊ आवरणाची, आणि उघड्या धातूच्या स्प्रिंगांऐवजी लवचीक दोऱ्या असलेले साधन निवडावे. एक प्रौढ व्यक्ती हाताच्या अंतरावर उभी राहणार नसेल, तेव्हा ते कपाटात बंद असावे. भिंतीशी उभे करून ठेवलेले ट्रॅम्पोलीन मुलांच्या अंगावर पडते, म्हणून ‘बाजूला ठेवले आहे’ एवढे पुरेसे नाही.

हवेच्या कॅसलबद्दल

स्नेहसंमेलन किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने हवेचे कॅसल, म्हणजे हवा भरून फुगवलेला, आत उड्या मारायचा किल्ला, भाड्याने आणण्याची कल्पना नेहमी पुढे येते. त्याच्याकडे मऊ खेळणे म्हणून पाहिले जाते, आणि तिथेच चूक होते. वाऱ्याच्या दृष्टीने ते एक प्रचंड शीड असते. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात डेव्हनपोर्ट येथे एका शाळेच्या कार्यक्रमात वाऱ्याच्या भोवऱ्याने असे कॅसल उचलले गेले आणि सहा मुलांचा मृत्यू झाला.

युरोपीय मानक ईएन १४९६० अशा साधनांसाठी आहे. त्यानुसार उघड्यावर लावलेल्या कॅसलला किमान सहा ठिकाणी बांधण्याची सोय हवी, आणि वाऱ्याचा वेग ताशी ३८ किलोमीटरपेक्षा अधिक झाला, तर ते वापरू नये. भाड्याने देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणीचे चालू प्रमाणपत्र आहे का, सर्व ठिकाणी खुंट्या ठोकणार का, आणि वाऱ्याचा वेग मोजण्याचे उपकरण सोबत आणणार का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर बुकिंग करू नये. ‘आम्ही नेहमी दोन दोऱ्यांवरच लावतो’ हे उत्तर म्हणजे नकाराचे पुरेसे कारण आहे. हवा भरणारा ब्लोअर कॅसलच्या भिंतीपासून किमान १.२ मीटर आणि उघड्या बाजूपासून २.५ मीटर दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा असावा. वीज गेली तर कॅसल खाली बसू लागते. त्या क्षणी मुलांना कोणी आणि कुठून बाहेर काढायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. नर्सरीच्या वयाच्या मुलांसाठी मी बंद सभागृहातील, बुटक्या भिंतींचे, घसरगुंडी नसलेले साधन सोडून दुसरे काही सुचवणार नाही.

तिसरी पायरी: लेबल वाचा, आणि ‘घरगुती’ हा शब्द शोधा

खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथे. खेळणी म्हणून विकली जाणारी अनेक उसळती साधने फक्त घरगुती वापरासाठी तपासलेली असतात. युरोपात घरगुती ट्रॅम्पोलीनसाठी ईएन ७१ या खेळण्यांच्या मानकाचा भाग १४ आहे, तर सार्वजनिक क्रीडांगणाच्या साधनांसाठी ईएन ११७६ हे वेगळे मानक आहे. हा भेद केवळ कागदी नाही. घरात दोन मुले संध्याकाळी थोडा वेळ उड्या मारतात. नर्सरीत तेच साधन दिवसभर एकामागून एक मुले वापरतात. शिवण, स्प्रिंग आणि जोड यांच्यावर पडणारा ताण कित्येक पटींनी वाढतो आणि झीज लवकर होते. साधनावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे लिहिलेले असेल, तर नर्सरीसाठी ते घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याचा आणि जबाबदारीचा प्रश्नही त्याच ओळीपाशी येऊन थांबतो.

लेबलवर निर्मात्याचे नाव, कमाल वजन, एका वेळी वापरणाऱ्यांची संख्या, वयोगट आणि कोणत्या मानकानुसार तपासणी झाली त्याचा क्रमांक असला पाहिजे. आपल्या देशात खेळण्यांसाठी जे सक्तीचे चिन्ह असेल, तेही पाहावे. मानकाचा क्रमांक विक्रेता तोंडी सांगत असेल, तर तपासणी अहवालाची प्रत मागावी आणि त्यावरील मॉडेलचे नाव समोरच्या साधनाशी जुळते का ते पाहावे.

चौथी पायरी: हात लावून तपासा

चित्र पाहून मागवायचे असेल, तर परत करण्याची सोय असल्याशिवाय मागवू नये, कारण पुढील गोष्टी हाताला लागल्याशिवाय कळत नाहीत. पृष्ठभागावरून तळहात फिरवावा: टोकदार शिवण, उघडी तार, प्लास्टिकची धार लगेच जाणवते. मग फटी मोजाव्यात. ८ ते २५ मिलिमीटरच्या फटीत लहान बोट अडकू शकते, आणि सुमारे ९ ते २३ सेंटिमीटरच्या मोकळ्या जागेत धड जाऊन डोके अडकण्याचा धोका असतो. दांडी आणि चौकट यांमधली जागा या दृष्टीने जरूर मोजावी. बूच, टोपी, झाकणे ओढून पाहावीत; तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात, आणि त्यात मावणारी कोणतीही सुटी वस्तू घशात अडकू शकते असे मानले जाते.

मऊ प्लास्टिकच्या वस्तूंमध्ये थॅलेट प्रकारची, म्हणजे प्लास्टिक मऊ करण्यासाठी मिसळलेली रसायने असू शकतात. युरोपीय संघात आणि अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांमध्ये त्यांतील ठरावीक रसायनांचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंतच चालते. आपण घेत असलेल्या चेंडूबद्दल किंवा गादीच्या आवरणाबद्दल तसा लेखी निर्वाळा मागावा. खोके उघडल्यावर उग्र वास येत असेल आणि मोकळ्या हवेत ठेवूनही जात नसेल, तर वस्तू परत करावी. रबरी चेंडू घेताना एखाद्या मुलाला लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून आधी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: जागा

साधनाभोवती सर्व बाजूंनी किमान दीड ते पावणेदोन मीटर जागा मोकळी हवी. त्या पट्ट्यात भिंतीचा कोपरा, खांब, बाक, खेळण्यांची पेटी यांपैकी काहीही नको. हॉपर बॉलसाठी भिंतींनी वेढलेला, सपाट, उतार नसलेला भाग निवडावा, आणि जिन्यापासून तो पूर्ण वेगळा असावा.

पडल्यास धक्का शोषणारा पृष्ठभाग म्हणून गवत किंवा माती धरू नये. दोन्ही तुडवून कडक होतात. क्रीडांगणाच्या रबरी पृष्ठभागांची तपासणी युरोपीय ईएन ११७७ किंवा अमेरिकन एएसटीएम एफ१२९२ या मानकांनुसार होते, आणि त्यातून तो पृष्ठभाग किती उंचीवरून पडण्यापर्यंत डोक्याला संरक्षण देतो हे ठरते. ती उंची विचारावी आणि आपल्या साधनावरून मूल ज्या उंचीवरून पडू शकते तिच्याशी ताडून पाहावी. बाहेरच्या जागेत उन्हाचाही विचार हवा. गडद रंगाचे कापड आणि रबर उन्हात इतके तापते की अनवाणी पाय भाजू शकतात. वापरापूर्वी शिक्षिकेने तळहात टेकवून पाहावा.

सहावी पायरी: वापराची पद्धत ठरवा

साधन चांगले असले तरी पाळी लागते. रांगेत उभे राहण्यासाठी जमिनीवर पावलांचे ठसे रंगवले, तर लहान मुलांना थांबायचे कुठे हे दिसते. पाळीची लांबी उड्यांच्या संख्येने ठरवावी, कारण ‘दहा उड्या, मग पुढचा’ हे मुलांना मोजता येते आणि भांडणे कमी होतात. कोलांटी उडीला संपूर्ण मनाई असावी; मानेच्या गंभीर इजा त्यातून होतात.

टोपीच्या दोऱ्या, ओढणी, गळ्यातील साखळी, केसांतील कडक चाप खेळापूर्वी काढावेत आणि तोंडात खाऊ नाही ना, हे पाहावे. गुळगुळीत मोजे घालून उड्या मारू देऊ नयेत. अनवाणी पाय किंवा तळाला पकड असलेले मोजे चालतात.

प्रवेशाच्या अर्जातच हाडांचे, सांध्यांचे, मानेचे किंवा झटक्यांचे काही आजार आहेत का, हे विचारावे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, म्हणून त्यांच्याबाबत डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय उसळीचा कोणताही खेळ सुरू करू नये. अशा मुलाला बाजूला बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याला सोबत खेळता येईल असा दुसरा खेळ शेजारीच मांडलेला असावा.

सातवी पायरी: तपासणीची वही

ईएन ११७६ या मानकाच्या सातव्या भागात क्रीडांगणाच्या साधनांची तपासणी तीन पातळ्यांवर सांगितली आहे: नेहमीची नजरेने केलेली पाहणी, एक ते तीन महिन्यांनी केलेली बारकाईची तपासणी, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून संपूर्ण तपासणी. नर्सरीसाठी ही पद्धत जशीच्या तशी उपयोगी आहे. रोज सकाळी मुले येण्याआधी शिवण, स्प्रिंग, बूच आणि गादीचे कोपरे पाहावेत, साधन पुसून घ्यावे आणि वहीत सही करावी. सही कोणाची, हे आठवड्याआधी ठरलेले असावे. ‘कोणीतरी पाहिले असेल’ या समजुतीत बहुतेक दोष राहून जातात.

उन्हात असलेले कापड, जाळी आणि प्लास्टिक बाहेरून धड दिसत असूनही आतून कमकुवत झालेले असते. शिवणीचा दोरा नखाने ओढल्यावर तुटत असेल, कापड एका बाजूला लोंबत असेल, स्प्रिंगवर गंज चढला असेल, फोम दाबल्यावर पूर्ववत होत नसेल किंवा तळाची जमीन हाताला लागत असेल, तर त्याच दिवशी साधन वापरातून काढावे. सुटा भाग निर्मात्याचाच मिळत असेल, तर बदलावा. चिकटपट्टी, दोरी किंवा दुसऱ्या साधनाचा भाग लावून काम भागवू नये. काढून टाकलेले साधन दुसऱ्या संस्थेला देऊ नये. आवरण फाडून, चेंडू कापून, चौकट सुटी करून ते असे निकालात काढावे, की कोणी उचलून नेले तरी पुन्हा मुलांसमोर मांडता येणार नाही.